तू न दिलेला चेंडू

नस्सू, तुझा चाळिसाव्या दिवसाचा विधीही अजून झालेला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. लोक म्हणतील, गेलेल्या माणसाशी काय भांडायचं. पण तू होतीस तेव्हा मला शेवटचं वाक्य कधी बोलू दिलं नाहीस. फोनसुद्धा तूच आधी ठेवायचीस. आता तुला ठेवता येत नाही, तर ऐक. रविवारी लातूरला तुझ्या लेकीची, हुमाची ट्रायल झाली. तिथं काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते आहे.

आधी एक गंमत सांगते. तू गेल्यावर पेपरात चार ओळी आल्या. त्यात तुला व्हॉलीबॉलपटू केलं आहे. राज्याच्या संघात इतकी वर्षं बेसबॉल खेळलीस, एका खात्यानं केवळ चेंडू फेकण्यासाठी तुला पगार दिला, आणि शेवटी तुझ्या हातात दिला तो व्हॉलीबॉल. मी पेपरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, बेसबॉल म्हणजे ते क्रिकेटसारखंच ना?" मी म्हणाले, "न्हाई," आणि ठेवून दिला. तू असतीस तर हसून लोळली असतीस आणि मग महिनाभर त्याच्या नावानं बोटं मोडली असतीस.

आपण भेटलो ते नांदेडच्या शिबिरात, शाळेत असताना. मी रेणापूरची, पायात भावाचे बूट. सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "ही बसल." कॅचरला बसावंच लागतं. बॅटवालीच्या मागं उकिडवं बसायचं, तोंडावर जाळीचा मास्क, डाव्या हातात गादीसारखा जाड ग्लोव्ह, आणि समोरून पिचर जे फेकेल ते झेलायचं. समोर तू होतीस, देगलूर नाक्याची, रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्या अब्बांची लेक. सलवारीवर शाळेचा शर्ट घातलेला आणि नाकावर राग. तुझा पहिला चेंडू ग्लोव्हमध्ये शिरला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"लागलं?" तू विचारलंस.

"न्हाई."

"मग आता जोरात टाकते," तू म्हणालीस, आणि टाकलास.

घरी गेले तर भाकरी थापता येईना. आईनं तळहात बघितला आणि विचारलं, कुठं चेचून घेतलास. मी म्हणाले, नांदेडची एक पोरगी हाय. ती आठवण मला अजून सुखाची वाटते. पुढं कितीतरी वर्षं माझा डावा तळहात लालच असायचा. तो लाल असला की मला कळायचं, तुझं ठीक चाललं आहे.

आणि हेही आत्ताच सांगून टाकते, नाहीतर भांडणात राहून जाईल. राज्याच्या शिबिराला पाठवायचं नाही असं माझ्या वडलांनी ठरवलं होतं. पोरीच्या जातीला असले खेळ कशाला, वगैरे. तू अब्बांना घेऊन एसटीनं रेणापूरला आलीस. अब्बा बिचारे ओसरीवर टोपी हातात घेऊन बसले होते, त्यांना बोलताच येईना. तूच बोललीस. "काका, माझा चेंडू हिच्याशिवाय कुणालाच झेपत न्हाई. हिला न्हाई पाठवलं तर मलाबी घरी बसावं लागल." वडील माझ्याकडं बघत राहिले. आपल्या पोरीला काही झेपतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं असावं. त्यांनी पाठवलं. आज मी लातूरच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे, माझा पगार आहे, माझं घर आहे, हे सगळं तुझ्या त्या एका बोलण्यावर उभं आहे. हे मी तुला कधी म्हणाले नाही. म्हणाले असते तर तू डोक्यावर बसली असतीस.

आता भांडणाकडं येते.

मी खाली बसून बोटांनी खूण करायची. एक बोट म्हणजे सरळ वेगाचा चेंडू, दोन बोटं म्हणजे कर्व्ह, बॅटवालीच्या समोर येऊन वळणारा. पिचरला पटलं तर ती मान डोलावते, नाही पटलं तर नकार देते. तू बहुतेक नकारच द्यायचीस. मी एक बोट, तू नकार. परत एक, परत नकार. तिसऱ्या वेळी मी मास्क काढून तुझ्याकडं चालत यायची आणि आपण मैदानाच्या मधोमध उभ्या राहून भांडायचो. तुला माझं मास्क काढणं आवडायचं नाही. "जाळीतून काय बोलायचं ते बोल," म्हणायचीस, "तुझं तोंड दिसलं की मलाच वाटतंय मी चुकायले."

कर्व्हचं वेड तुला लागलं ते अब्बांमुळं. अब्बांना हे ठाऊक नाही आणि आपण दोघींनी कधी कळू दिलं नाही. शाळेला चेंडू मिळायचे मोजके. त्यांची शिवण उसवायची, कातडं लोंबायचं, आणि तू ते घरी न्यायचीस. अब्बा दुकानातली सीट बाजूला ठेवून आरीनं ते पुन्हा शिवायचे. सीटचा मेणवलेला जाड धागा, टाके घट्ट आणि उठून आलेले. लेकीचा चेंडू टिकला पाहिजे एवढंच त्यांच्या मनात. त्या उठलेल्या शिवणीवर तुझी बोटं अशी पकड घ्यायची की चेंडू हवेत हुकूम ऐकल्यासारखा वळायचा. आख्ख्या मराठवाड्यात तसा कर्व्ह कुणाचा नव्हता. आपल्याला वाटलं ही तुझ्या हाताची करामत आहे. कुणाच्या लक्षातच आलं नाही की अर्धी करामत धाग्याची आहे.

मोठ्या स्पर्धेत कंपनीचे कोरे चेंडू मिळाले. बसकी शिवण, गुळगुळीत कातडं. तुझा कर्व्ह वळेना. दुसरी कुणी असती तर सरळ चेंडूवर आली असती. तू ठरवलंस, वळत नाही म्हणजे काय, मी वळवते. धाग्यानं जे काम फुकट केलं असतं ते तू कोपरानं करायला लागलीस. प्रत्येक चेंडूला मनगट पिळायचं, कोपर झटकायचं. तीन सामने तू असे काढलेस आणि आपण फायनलला पोचलो.

फायनलला मी खाली बसले आणि मधल्या एका डावात मला जाणवलं, माझा तळहात दुखत नाही. चेंडू येत होता, ग्लोव्हमध्ये पडत होता, आवाजही होत होता, पण लागत नव्हता. मी तुझ्याकडं बघितलं. तू चेंडू टाकून झाल्यावर हात खाली सोडतच नव्हतीस, पोटाशी धरून उभी राहायचीस. मी एक बोट दाखवलं, तू नकार दिलास. परत एक, परत नकार. मग मी मास्क काढला, पण तुझ्याकडं आले नाही. सरांकडं बघितलं आणि माझ्या कोपरावर बोट ठेवलं.

सर मैदानात आले. अशा वेळी पिचरनं हातातला चेंडू सरांच्या हातात द्यायचा आणि बाहेर जायचं, ही पद्धत आहे. सरांनी हात पुढं केला. तू दिला नाहीस. माझ्याकडं बघत चेंडू सलवारीच्या खिशात घातलास आणि तशीच चालत जाऊन कडेला बसलीस. पंचांना नवा चेंडू काढावा लागला. आपण एका रननं हरलो. परत येताना गाडीत तू खिडकीकडं तोंड करून बसलीस आणि लातूर येईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. मी उतरताना म्हणालीस, "माझी फायनल तू खाल्लीस."

तो चेंडू तुझ्या नांदेडच्या घरात शोकेसमध्ये आहे, चिनी मातीच्या कपांच्या शेजारी. लग्नात तू तो माहेराहून बरोबर नेलास. मी कधीही आले की चहा त्याच शोकेससमोर व्हायचा आणि तू तिरक्या नजरेनं बघायचीस, मी बघते का ते.

मी माझ्या बाजूनं ठाम होते आणि अजून आहे. त्या दिवशी तुला बाहेर काढलं म्हणून पुढची वर्षं खेळलीस, नोकरी मिळाली, नाव मिळालं. तुझं म्हणणं, ते सगळं मिळालं असतंच, आणि फायनलही मिळाली असती. "दुखणं मला होतं, फैसला तू केलास," हे तुझं वाक्य. त्यावर मी दरवेळी तुझ्या हाताकडं बोट दाखवायची. कारण नोकरीतसुद्धा तू तेच केलंस, कोपर झटकत राहिलीस, आणि तिथं मास्क काढणारी कुणी नव्हती. शेवटी तुझा उजवा हात सरळ होईनासा झाला. वेणी डाव्या हातानं घालायचीस. मी हातावर बोललं की तू फायनलवर बोलायचीस. इतकी वर्षं आपलं घोडं तिथंच पेंड खात होतं, आणि खरं सांगू, मला त्यात मजाही येत होती.

मग हुमा मोठी झाली आणि मजा संपली.

तिला मी पहिल्यांदा फेकताना बघितलं तेव्हा अंगावर काटा आला, तीच तुझी ढब, तोच राग. आणि हातात अब्बांनी शिवलेला चेंडू. मी तुला बाजूला घेऊन म्हणाले, पोरीला कोऱ्या चेंडूवर सराव दे, आणि कर्व्ह एवढ्यात शिकवू नको, तिचं हाड अजून कच्चं आहे. तू म्हणालीस, "अब्बाला काय सांगू? तुमच्या धाग्यानं माझा हात गेला म्हणून सांगू?" तू सांगणार नव्हतीस, आणि मी सांगावं असं तुला वाटत नव्हतं. अब्बा त्या पोरीसाठी डोळ्याला चष्मा लावून आरी चालवत होते आणि आपण दोघी उभ्या राहून बघत होतो.

शेवटची भेट लातूरच्या स्टँडवर झाली. हुमाचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. या ट्रायलला निवडली गेली तर राज्याचा संघ, नाहीतर मोठ्या बायकांच्या संघात नव्यानं सुरुवात. कॅचर कमी पडतात म्हणून मला ट्रायलला खाली बसायला बोलावलं होतं, हे तुला कळलं होतं. तू माझा हात धरलास. "हुमाच्या वक्ताला मास्क काढू नको, नंदे. माझ्यासोबत केलंस ते तिच्यासोबत करू नको. खा कसम."

मी म्हणाले, "तुझी गाडी लागली."

"कसम खा."

"नस्सू, गाडी सुटल."

तू गाडीत चढलीस. चार दिवसांनी फोन केलास तो पुन्हा तेच विचारायला. मी म्हणाले, आधी तिचा हात एकदा डॉक्टरला दाखव. तू म्हणालीस, "तुला माझी पोरगी बी खायची हाय," आणि फोन ठेवलास. मी रागानं परत लावला नाही. म्हटलं, करेल तीच. त्याच आठवड्यात तुला ताप आला, तो डोक्यात गेला म्हणाले, आणि मी अहमदपूर ओलांडून लोह्याच्या अलीकडं गाडीत होते तेव्हा तुझ्या नवऱ्याचा, मुजीबभाईंचा फोन आला की घाई करू नका, आता घाईचं काही राहिलं नाही.

तुझ्या घरी बायकांच्या खोलीत मी पडद्याबाहेर बसले होते. आत तुला गुसल, शेवटची आंघोळ घालत होत्या. पाण्याचा आवाज येत होता. मग एक बाई म्हणाली, "ये हात सीधा नै होरा." दुसरी म्हणाली, "हलके से दबाओ." मला राहवलं नाही. मी बाहेरूनच बोलले, "दाबू नका. वो हात वैसाच है. बरसों से वैसाच है." आतून कुणीतरी विचारलं, बाहेर कोण आहे. आणि तुझी अम्मी म्हणाली, "नंदा है. उसकू मालूम रहता."

नस्सू, तिथं मी रडले. तुझं तोंड बघून नाही रडले, त्याआधीच.

थोड्या वेळानं हुमा सगळ्यांना पाणी द्यायला आली. ओढणी डोक्यावर, डोळे सुजलेले. पाण्याचा जग तिनं डाव्या हातात धरला होता. पोरगी उजव्या हाताची. मी ग्लास घेतला तेव्हा तिला कळलं की मी बघितलं आहे. तिनं जग लगेच उजव्या हातात घेतला आणि पाणी सांडलं.

"खाला," ती मला मावशीच्या हक्कानं हळूच म्हणाली, "ट्रायल आहे. अम्मीनं सांगितलं होतं, जायचंच. तुम्ही बसणार ना माझ्यासमोर?"

मी म्हणाले, "बसते."

तिसऱ्या दिवशी मी परत नांदेडला आले तर अब्बा ओट्यावर बसून चेंडू शिवत होते. लेकीला माती देऊन आलेला माणूस, चष्म्याच्या काचा ओल्या, आणि हातात आरी. हुमाच्या ट्रायलसाठी. मी शेजारी बसले. धीर करून म्हणाले, "अब्बा, थोडा पतला धागा लगाओ ना."

"पतला टिकता नै, बेटा," ते म्हणाले. "नस्सू कू भी मैं टिकनेवालाच देता था." आणि दातानं धागा तोडला.

तू मला कायम म्हणायचीस की माझी जीभ फार लांब आहे. त्या दिवशी ती कुठं गेली होती कुणास ठाऊक.

रविवारी सकाळी लातूरच्या मैदानावर ऊन चढायच्या आत ट्रायल सुरू झाली. निवड करणारे तिघं खुर्च्या टाकून बसले होते. माझे गुडघे कुरकुरत होते. हुमाची पाळी आली तेव्हा तिनं खिशातून अब्बांचा चेंडू काढला. निवडवाले सर म्हणाले, "तो न्हाई चालणार बेटा, हा घ्या," आणि कोरा चेंडू तिच्याकडं टाकला. तिनं तो हातात फिरवला. शिवण लागते का ते बोटांनी चाचपलं. मला ती बोटं इतकी ओळखीची होती की मी मान खाली घातली.

पहिले काही चेंडू सरळ. ग्लोव्हमध्ये असे शिरले की माझा जुना तळहात जागा झाला. मी मनात म्हटलं, नस्सू, बघ. खुर्च्यांवरची माणसं पुढं सरकून बसली. मग सर म्हणाले, "कर्व्ह टाका."

पहिला वळला नाही. दुसरा वळला नाही. तिसऱ्याला तिनं कोपर झटकलं आणि चेंडू थोडा वळला. सर म्हणाले, "असाच. अजून टाका." आणि मग ती तसेच टाकत राहिली आणि मी मोजत नव्हते, मी फक्त माझ्या तळहाताकडं लक्ष देऊन होते. तो लागत होता, लागत होता, आणि मग एकदम लागायचा थांबला.

मी एक बोट दाखवलं. सरळ टाक. तिनं नकार दिला.

परत एक बोट. परत नकार. हात पोटाशी धरलेला.

तुझी शप्पथ मी खाल्ली नव्हती, पण मोडायलाही हात धजेना. मास्कच्या आत घाम डोळ्यांत जात होता. मी बसून राहिले तर पोरीला संघ मिळत होता, हे मला खुर्च्यांवरच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. आणि अजून दहा-पंधरा चेंडूंत तो हात कायमचा जाणार होता, हे मला माझ्या ग्लोव्हमधून कळत होतं. तिसरी खूण करायला मी बोटं खाली नेली आणि माझ्या कानात पडद्याआडची ती बाई बोलली, हात सीधा नै होरा.

मी मास्क काढला.

पण ऐक, आता मध्ये बोलू नकोस. मी खुर्च्यांकडं बघितलं नाही. कोपरावर बोट ठेवलं नाही. मी चालत तिच्याकडं गेले आणि अशी उभी राहिले की माझी पाठ त्या तिघांकडं आणि ती माझ्याआड. त्यांना तिचा हात दिसू नये म्हणून.

"खाला, नका," ती म्हणाली. "अम्मीनं तुम्हाला सांगितलं होतं."

"हाव. सांगितलं होतं."

"मग?"

"मी कुणाला काही सांगणार न्हाई," मी म्हणाले. "तू म्हणलीस टाकते, तर मी जाऊन बसते परत. जे येईल ते झेलते. पण तुझा चेंडू लागायचा थांबला, हे तुला मीच सांगू शकते. दुसऱ्या कुणाला ते कळणार न्हाई."

मागून सर ओरडले, "काय झालं मॅडम?" मी हात वर करून थांबा म्हटलं.

हुमा चेंडूकडं बघत होती. "अम्मीनं त्या फायनलला चेंडू दिला न्हवता ना?"

"न्हाई दिला."

"तुम्ही हरलात."

"एका रननं."

तिनं चेंडूची शिवण बोटांनी पुन्हा चाचपली. मग म्हणाली, "नानी सांगत होती. गुसलच्या वक्ताला अम्मीचा हात सीधा झाला न्हाई म्हणून. खरं आहे?"

"खरं हाय. मी बाहेर बसले होते."

तिनं उजवा हात सरळ करून बघितला. पूर्ण झाला नाही. थोडा राहिला. तिनं पुन्हा जोर लावला, आणि चेहरा वेडावाकडा झाला, आणि हात तिथंच राहिला. ते आम्ही दोघींनी बघितलं. मी हात पुढं केला नव्हता, नस्सू. माझा ग्लोव्ह खाली लोंबत होता. तिनं माझं मनगट धरून तो वर केला, त्यात चेंडू ठेवला आणि म्हणाली, "घ्या." मग ती रडायला लागली आणि मी तिला तसंच धरून खुर्च्यांसमोरून बाहेर नेलं.

संघात तिचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला हाडाच्या डॉक्टरकडं नेलं. ते म्हणाले, काही महिने फेकायचं नाव काढायचं नाही, मग हात पूर्ण सरळ होईल, वेळेत थांबलात. मी हे ऐकून त्यांच्या टेबलावर डोकं टेकवून बसले. हुमा माझ्याशी धड बोलत नव्हती. परतीच्या गाडीत तिनं तोंड खिडकीकडं केलं होतं. मला ते तोंड चांगलं ओळखीचं आहे.

तू म्हणशील, नंदे, पोरीची ट्रायल पण खाल्लीस. म्हण. पण या वेळी फैसला मी केला नाही. दुखणं तिचं होतं, तिनंच केला. तू इतकी वर्षं हेच तर म्हणत होतीस. तुझं बरोबर होतं, हे मी कबूल करते, आणि माझंही बरोबर होतं, हे तू कबूल कर. आता आपण दोघी बरोबर निघालो तर इतकी वर्षं भांडलो कशाला, हे मला कळत नाही.

काल हुमा लातूरला आली. दारातच उभी राहिली, आत येईना. मग पिशवीतून काहीतरी काढलं. शोकेसमधला तुझा चेंडू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या काचेबाहेर. "याची शिवण कंपनीची आहे," ती म्हणाली. "हात बरा झाला की सराव यावरच करते. नानाला सांगितलं, अम्मीचा चेंडू वापरते. नाना खूश झाले. बाकी काही न्हाई सांगितलं."

तुला आणि मला इतक्या वर्षांत जे सुचलं नाही ते पोरीनं केलं. अब्बांना काही कळलं नाही आणि हातही वाचला.

तिनं चेंडू माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "हात बरा होईस्तोवर तुमच्याकडं ठेवा, खाला. घरी असला की फेकावा वाटतोय."

मी हात पुढं केला. तिनं दिला.